थांबा मॅडम

सलाईनच्या नळीवरच्या चाकाकडे कुणाचा हात गेला, की मॅडमचा आवाज यायचा, "थांबा." आवाज मोठा नसायचा, पण त्या एका शब्दानं अख्खं आयसीयू थबकायचं. सिस्टर, मी, पुण्याहून आलेले सर्जनसुद्धा. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं. पिरंगुटपासून मुळशी धरणापर्यंत मात्र लोक त्यांना 'थांबा मॅडम' म्हणूनच ओळखायचे. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी तो बरोबर आमच्या दवाखान्याच्या दारात आणून सोडायचा.

मी लातूरकडची. डॉक्टरकीचं शिक्षण संपवून इथं नोकरीला लागले आणि जांबे गावात आयटीतल्या दोन मुलींबरोबर भाड्यानं राहू लागले. कॉलेजात एक गोष्ट आमच्या अंगवळणी पडली होती : रक्तदाब पडला, की सलाईन सोडायचं. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "का सोडायचं?" मी म्हटलं, "रक्तदाब वाढावा म्हणून." त्या म्हणाल्या, "आणि नाही वाढला तर? आत गेलेलं पाणी तू परत काढणार आहेस का?"

त्यांची सगळी डॉक्टरकी या प्रश्नाभोवती उभी होती. अत्यवस्थ माणसाला पाणी दिलं, तर त्याचं हृदय ते पुढं ढकलेल, की ते फुप्फुसात जाऊन साचेल? काहींना सलाईननं जीव येतो, काहींचा त्यानंच जातो, आणि खाटेवर पडलेले दोघं दिसायला सारखेच असतात. म्हणून मॅडम आधी पेशंटचे पाय वर करायच्या. पाठीकडची बाजू सपाट करायची, पायांकडची उचलायची. पायांतलं रक्त हृदयाकडं धावतं. त्याच वेळी सोनोग्राफीच्या यंत्रावर बघायचं, हृदय जास्त रक्त बाहेर टाकतंय का. टाकत असेल तर सलाईन द्यायचं. नसेल तर पाय खाली ठेवायचे. "बाहेरचा एक थेंब न घालता उत्तर मिळतं," त्या म्हणायच्या, "आणि उत्तर नाही आलं, तर पेशंटचं काही बिघडत नाही."

पाय हातानं उचललेले त्यांना चालायचे नाहीत. "हातानं उचललं की दुखतं. दुखलं की हृदय धावायला लागतं, आणि मग आपण दुखण्यालाच उत्तर समजतो." अख्खी खाट कलली पाहिजे. आमच्या खाटा जुन्या, त्यांचे दांडे गंजलेले. व्यवस्थापकांनी नव्या खाटांची मागणी तीनदा टोलवली, तेव्हा मॅडमनी पौडहून एका वेल्डरला बोलावलं आणि स्वतः शेजारी उभं राहून एकेक दांडा फिरता करून घेतला. वेल्डर काम थांबवून म्हणाला, "मॅडम, एवढं कशापायी? उशी घाला की पायाखाली." त्यावर मॅडम म्हणाल्या, "तुझं शटर वाकडं बसलं, तर तू खाली उशी घालतोस का?" तो हसला आणि पुन्हा कामाला लागला.

पुण्यातलं मोठं रुग्णालय सोडून त्या इथं का आल्या, हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "तिथं पोचेपर्यंत माणसं वाटेतल्या प्रत्येक दवाखान्यात एकेक बाटली लावून घेतात. मला वाटेत उभं राहायचं होतं." आमच्याकडं सलाईनवर लोकांची केवढी श्रद्धा आहे, हे वेगळं सांगायला नको. बाटली टांगली म्हणजे उपचार सुरू झाले. टांगली नाही, म्हणजे डॉक्टर नुसता बसलाय.

या श्रद्धेशी त्यांची खरी गाठ पडली ती रिहे गावच्या दत्ताभाऊंच्या वेळी. भाताची लावणी चालू होती. चिखलात राबणाऱ्या दत्ताभाऊंना ताप भरला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लालपिवळे झाले. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून येणारा लेप्टोचा ताप. आणलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. बरोबर बायको सुरेखाताई आणि थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव आण्णा म्हणायचं. मॅडमनी खाट कलवली. हृदय किती रक्त टाकतंय, तो पडद्यावरचा आकडा चढला. "याला पाणी हवंय. सोडा," त्या म्हणाल्या. सलाईन गेलं, रक्तदाब सावरला, आण्णांनी हात जोडले.

दुपारनंतर रक्तदाब पुन्हा घसरला. आण्णा काचेतून बघत होते. मॅडमनी पुन्हा खाट कलवली. या वेळी आकडा जागचा हलला नाही. त्यांनी सलाईन बंद करायला सांगितलं आणि रक्तवाहिन्या आवळणारं औषध पंपावर लावलं. बाटली उतरलेली दिसताच आण्णा दार ढकलून आत आले.

"बाटल्या संपल्या का तुमच्या? सकाळी एवढा फरक पडला, आन् आता काढून घेताय? माझा भाऊ वैरी हाय का तुमचा?"

"सकाळी त्यांना पाणी पचत होतं. आता पचत नाही."

"कुनी सांगितलं?"

"त्यांच्या हृदयानं. या, इथं उभे राहा."

नातेवाइकाला खाटेशी बोलावून पडद्यासमोर उभं केलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मॅडमनी पुन्हा पाय वर केले. "हा आकडा बघा. सकाळी पाय वर केल्यावर तो उडी मारून वर गेला होता. आता बघा." आण्णा बघत राहिले. आकडा तसाच राहिला. पण असल्या वेळी डोळ्यांनी बघितलेलं मनाला पटतंच असं नाही. "मला त्यातलं काय कळत न्हाई," ते म्हणाले. "मी त्याला पुण्याला न्हेतो."

"न्या. मी अडवणार नाही. पण आत्ता गाडीत घातलं तर वाटेत हाताशी काही राहणार नाही, हेही मी सांगून ठेवते."

तेवढ्यात इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुरेखाताई पुढं आल्या. त्यांचे हात लावणीच्या चिखलानं अजून भेगाळलेले होते. "भावजी, हितंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. मग मॅडमकडं वळल्या. "बाई, तुमी सकाळी दिलं तवा पन बघून दिलं, आन् आता न्हाई म्हनताय ते पन बघून. व्हय ना?"

"हो ताई. बघूनच."

"मंग बघत ऱ्हावा. डोळा हलवू नगा."

मॅडमनी तो शब्द अक्षरशः पाळला. दुसऱ्या दिवशी दत्ताभाऊंच्या फुप्फुसात रक्त उतरू लागलं आणि त्यांना कृत्रिम श्वासाच्या यंत्रावर घ्यावं लागलं. आण्णा जिन्यात बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं मॅडमच्या नावानं बोलत होते. मॅडमनी जेवणाचा डबासुद्धा खाटेशेजारी उभ्यानंच खाल्ला. पुढं पुन्हा एकदा रक्तदाब पडला, तेव्हा मी आपणहून म्हटलं, "सलाईन नकोच ना मॅडम? फुप्फुसं आधीच भरलीत." मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "कालचं उत्तर आजच्या प्रश्नाला लिहितेस? पाय वर कर." मी खाट कलवली. आकडा चढला, चांगलाच चढला. दोन दिवसांच्या तापानं आणि घामानं त्यांचं शरीर आतून सुकलं होतं. मॅडमनी सलाईन दिलं, पण थोडं थोडं, दर वेळी थांबून, पुन्हा बघून. काचेपलीकडं आण्णांनी बाटली टांगलेली पाहिली. मग ते परत जिन्यात जाऊन बसले.

दत्ताभाऊ जगले. घरी जाताना ते चाकाच्या खुर्चीत बसले होते आणि आण्णा ती ढकलत होते. मॅडमपाशी आल्यावर आण्णा म्हणाले, "तुमी लई हट्टी हायसा." मॅडम म्हणाल्या, "तुम्हीपण." मग दोघंही हसले.

सगळे असे घरी गेले नाहीत. धरणाकडच्या एक आजी होत्या, पोट टम्म फुगलेलं. अशा पोटामुळं पायांतलं रक्त वर नीट चढत नाही, चाचणी फसवते. मॅडमना ते माहीत होतं, म्हणून त्यांनी पाण्याचा अगदी लहान घोट शिरेतून देऊन पाहिला, आणखीही उपाय केले. आजी गेल्या. बातमी सांगायला मॅडम स्वतः बाहेर गेल्या, मुलाशेजारी बाकावर बसल्या, आणि काय काय केलं, कुठं हात टेकले, ते त्याला सांगितलं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "चाचणी एवढंच सांगते, की आत्ता पाणी दिलं तर हृदय जास्त रक्त ढकलेल का. माणूस जगेल का, हे ती सांगत नाही. हे विसरलीस तर तिचा काही उपयोग नाही." तोंड धुऊन त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

गेल्या वर्षी त्यांनी राजीनामा दिला. ताम्हिणी घाट उतरून खाली, कोकणातल्या एका सरकारी रुग्णालयात नवा अतिदक्षता विभाग सुरू व्हायचा होता. व्यवस्थापकांनी पगार वाढवतो म्हटलं, सिस्टर रडल्या. मॅडमचं एकच म्हणणं : घाटाखालचे पेशंट आपल्याकडं चढून येतात ते वाटेतल्या बाटल्यांनी अर्धे बुडालेलेच असतात. तिथं कुणीतरी असलं पाहिजे.

शेवटच्या सकाळी सामानाचा टेम्पो दारात उभा होता. आत एक तरुण पेशंट होता, न्यूमोनियाचा, रक्तदाब पडलेला. मॅडमनी दारातूनच त्याच्याकडं पाहिलं. ओठ कोरडे, जीभ कोरडी. "पाणी लागेल याला बहुतेक," त्या म्हणाल्या आणि सह्या करायला ऑफिसात गेल्या. मी खाट कलवली. यंत्र धरलं. आकडा हलला नाही. खात्री वाटेना म्हणून त्याला पहिल्यासारखं टेकवून बसवलं, थोडं थांबले, पुन्हा एकदा केलं. तरी नाही.

त्या परत आल्या तेव्हा मी औषधाचा पंप जोडत होते. "सलाईन?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. दोनदा बघितलं. पाण्यानं काही होणार नाही."

क्षणभर मला वाटलं, त्या स्वतः यंत्र हातात घेतील. त्यांनी हात पुढं केला नाही. पडद्याकडंही पाहिलं नाही.

"मला वाटलं होतं, लागेल," त्या म्हणाल्या. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंस, माझ्या वाटण्यावर गेली नाहीस."

त्यांनी अ‍ॅप्रन काढून खुर्चीवर टाकला आणि त्या निघाल्या. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज मला आत ऐकू आला. बाहेर जावंसं फार वाटत होतं. पण त्या मुलाचा रक्तदाब आत्ता कुठं चढायला लागला होता, आणि मी खाटेपासून हलले नाही.