एक्केचाळीस हिरव्या पायांची पिल्लं

उबवणी केंद्रात तिला सगळे पारखीबाई म्हणत. नुकतं अंड्यातून बाहेर आलेलं, कापसाच्या बोळ्याएवढं पिल्लू उचलायचं, उलटं करायचं, पाय बघायचे आणि जात सांगून मोकळं व्हायचं, हे काम ती सव्वीस वर्षं करत होती. तोंडावर जाऊ नये, असं तिचं म्हणणं. पाच बोटांची एक जात, पायावर लव असलेली दुसरी, पिवळ्या पायांची तिसरी आणि शेवाळी पायांची, दुर्मीळ, ती चौथी. माणसांकडेही ती आधी खालीच बघे. थोरला जावई तिने टाचा बघून पसंत केला होता, आणि मेला निघालाही चांगला. त्यामुळे घरात कुणाला बोलायची सोय उरली नव्हती.

सव्वीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही, याचा तिला भारी अभिमान. घरीही तोच खाक्या. दूध उतू गेलं तर दोष शेगडीचा. नवरा शिंपी, स्वभावाने गरीब. वाद निघाला की ती विचारी, "मी कधी चुकले आहे का?" आणि तो सुईत दोरा ओवायला घेई.

त्या सकाळी मालक चार ट्रे एकावर एक रचून निघाले आणि ऐन दारात त्यांना शिंक आली. दोनशे पिल्लं उंबरा ओलांडून बाहेरच्या बोळात पसरली. आत चपला चालत नसत, म्हणून पारखीबाई अनवाणीच मागे धावली. सगळी सापडेपर्यंत दुपार झाली. मग तिने पदर खोचला आणि एकेक पिल्लू उलटं करत निवडायला बसली. शेवाळी पायांची निघाली एक्केचाळीस.

मालक चक्रावले. त्या जातीची अंडी त्यांनी बाराच ठेवली होती.

"अंडी तुम्ही मोजलीत," ती शांतपणे म्हणाली. "पाय मी बघितलेत."

मालकांनी निवृत्त पोस्टमास्तरांना फोन करून मोठी टोपली आणायला सांगितलं. पोस्टमास्तर बिचारे दोन वर्षं या पिल्लांची वाट बघत होते. खुराडं बांधून तयार होतं. उद्या दहाला ते येणार होते.

संध्याकाळी पारखीबाई घरी आली, पाय धुवायला मोरीत गेली आणि पाय उलटा करून बघत राहिली. तिचे तळवे शेवाळी झाले होते. पाहुणे येणार म्हणून मालकांनी सकाळीच उंबऱ्याला शेवाळी रंग दिला होता. या न्यायाने तीसुद्धा दुर्मीळ जातीची ठरत होती.

तिला मनातून भीती वाटली. गप्प बसावं, असंही वाटलं. महिन्याभरात रंग उडेल, तेव्हा पिल्लांच्या खाण्यावर ढकलता येईल. पण ते दोन वर्षांचं रिकामं खुराडं काही डोळ्यांपुढून हलेना. तिने टाचेवर तेल चोळून बघितलं. रंग सुटला.

दुसऱ्या दिवशी ती तासभर आधी गेली आणि एक्केचाळीस पिल्लांचे पाय तेलाच्या बोळ्याने पुसून काढले. एकोणतीस पिवळी निघाली. खरी शेवाळी उरली बारा. तेवढ्यात मालक आले आणि हे काय चाललंय म्हणून विचारू लागले. तुमच्या उंबऱ्याचा प्रताप, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"मी चुकले," ती म्हणाली.

मालक स्टुलावर बसले. तब्येत बरी आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. पोस्टमास्तर मात्र खूश होते. त्यांना बाराच हवी होती. एक्केचाळिसांच्या धास्तीने बिचारे रात्रभर झोपले नव्हते.

घरी आल्या आल्या तिने नवऱ्याला सगळं सांगितलं, शेवटचे दोन शब्दसुद्धा. मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं तो म्हणाला. मशीन केव्हाचं बंद होतं. तिने पुन्हा सांगितलं.

"काल तू आलीस तेव्हाच तुझे तळवे दिसले होते मला," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

त्याने सुई उचलली आणि दोरा शोधायला लागला. तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि समोर बसली.

"आता बोला."

शिंप्याने घसा खाकरला आणि उतू गेलेल्या दुधापासून सुरुवात केली.