करार संपल्यानंतरची पाणीपाळी

परवा तुम्ही दोघांनी फोनवर विचारलंत, "आजी, अमेरिका-रशियातला अण्वस्त्रांचा शेवटचा करार संपला. आता काय होणार?" ती बातमी मी इंग्रजी पेपरात दोनदा वाचली होती. अस्त्रांच्या संख्येवरची मर्यादा गेली, हे वाईटच. पण एकमेकांकडे जाऊन मोजणी करायची सोय आधीच बंद पडली होती, ती आता कागदावरही उरली नाही. मला धास्ती वाटली ती त्याची. का, ते आपल्या परंड्याच्या शेतातलं सांगते.

तिथली विहीर आपली आणि तुमच्या चुलत आजोबांची सामाईक. मी त्यांना भाऊजी म्हणते. जुन्या भांडणानंतर पंचांनी कागद केला होता. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आपली, आणि विहिरीजवळ कुणी बोअर घ्यायचा नाही. मोटारीच्या पेटीला दोन कुलपं, दोन घरांत एकेक किल्ली; दोन्ही उघडल्याशिवाय मोटार चालू व्हायची नाही. त्यामुळे अबोला असला तरी रोज सकाळी दोन्हीकडचं एकेक माणूस पेटीपाशी यायचंच.

याच फेब्रुवारीत कागदाची मुदत संपली. भाऊजींनी त्यांचं कुलूप काढून नेलं. मग आपणही काढलं. आठवडाभर कुणी कुणाच्या नजरेला पडलं नाही, आणि एका सकाळी बोअरची गाडी फाट्यावर येऊन उभी राहिली.

"कुणी बोलावली?" मी तुमच्या आजोबांना विचारलं.

"मी. बोअरवाल्यांचा एजंट म्हणाला, तिकडचे सहाशे फूट खाली जाणारेत. आपण काय बघत बसायचं?"

दोन बोअर झाले की विहीर कोरडी पडणार, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी चप्पल घातली आणि भर दुपारी भाऊजींच्या अंगणात गेले.

"भाऊजी, सहाशे फूट ठरवलंत म्हणे?"

"तुमचं आठशे ठरलं, म्हणून आमी सहाशेचा इचार केला."

"आमचं आठशे? कोण म्हणालं?"

"एजंट."

"आम्हाला तुमचे सहाशे त्यानंच सांगितले."

आतून जाऊबाई म्हणाल्या, "दोघांला एकानंच गंडवलं! अन् दोघंबी सोताला लई शहाणे समजतेत."

भाऊजी हसले नाहीत. "वहिनी, म्या बोअरचा इचार सोडला अन् तुमी गुपचूप पाडला तर?"

"म्हणूनच कुलूप परत लावा. रोज येऊन बघा."

"कागद कुठंय आता?"

"कागद होईल तेव्हा होईल."



जुन्या कागदाप्रमाणे आज आपली पाळी. सकाळी सहाला मी पेटीला आपलं कुलूप लावलं आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसले. त्यांच्यातलं कुणी येईपर्यंत मोटार चालू करायची नाही, असं ठरवलं होतं. साडेसात वाजले तरी कुणी नाही. उसाला पाणी हवं होतं, हात दोनदा किल्लीकडे गेला. आठच्या सुमारास भाऊजी बांधावरून येताना दिसले. हातात कुलूप होतं. ते त्यांनी लावलं नाही, नुसतं पेटीवर ठेवलं. मी आपलं कुलूप उघडून मोटार सुरू केली. त्यांनी वाकून विहिरीतलं पाणी पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"उद्या येतो," म्हणाले.

कुलूप तिथंच ठेवून गेले. गाडी अजून फाट्यावर उभी आहे.