शिवेपलीकडे सोडलेला बोकड

तिसरा चौसिंगा पाणवठ्याच्या काठावरच पडला होता. नाकपुड्या पिवळ्या शेंबडाने बंद झाल्या होत्या, तोंड आतून सोलवटलं होतं. अंगावर दाताची खूण नाही, गोळीची नाही.

"कोणीतरी विष घातलंय," आमचे साहेब म्हणाले. या जंगलाचे ते वनाधिकारी.

"विषानं असा शेंबूड येत नाही, सर."

मी अकोल्याची. वन्य प्राण्यांच्या जनुकांवर काम करते. म्हणजे बहुतेक वेळ डोंगरात लेंड्या वेचते. चौसिंगा हा हरणासारखा, शेळीएवढा, चार शिंगांचा लाजाळू प्राणी. तो ठरलेल्या जागी लेंड्या टाकतो. त्यांच्या डीएनएवरून कोण कोणाचा नातेवाईक ते कळतं. परतवाड्याच्या वरच्या या उतारावरचे सगळे चौसिंगे एकमेकांचे सख्खे नाहीतर चुलत निघाले होते. खाली शेतं, बाजूला रस्ता. बाहेरून नवं रक्त येत नाही. अशा वेळी जो रोग एकाला झेपत नाही, तो बहुधा कोणालाच झेपत नाही.

मेलेल्या चौसिंग्याच्या नाकातला स्राव कापसाच्या काडीवर घेतला आणि बर्फात घालून लॅबला पाठवला. फोन आला: पीपीआर.

पीपीआर म्हणजे शेळ्यांची बुळकांडी, विषाणूचा साथीचा रोग. या उतारावर शेळ्या येतच नाहीत. चराईबंदी आहे म्हणून नव्हे, बिबट्या आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेळीही सापडली. म्हणजे बोकड. पाणवठ्याच्या वर, झुडपात. काळा, तगडा, पण नाक वाहत होतं. कपाळावर कुंकू, गळ्यात हिरव्या खणाचा तुकडा आणि कडुनिंबाची वाळलेली माळ. त्याच्या नाकातला विषाणू आणि चौसिंग्यांमधला विषाणू आम्ही जनुकाच्या एकेका अक्षरापर्यंत ताडून पाहिला. एकच होता.

खालच्या गावात मरीमायच्या ओट्यापाशी लोक जमले. साहेबांनी बोकडाचा फोटो दाखवला. सुमनबाई पुढे आली. परतवाड्याच्या बाजारात भाजी विकते, घरी चार-पाच शेळ्या.

"बोकड माहाच हाये. लपवून काय करू? गावातल्या बकऱ्या पटापट मरून राहिल्या होत्या. मंग मरीमायच्या नावानं यालेच निवडलं. रोग त्याच्यातच बसला होता ना. वाजतगाजत नेला आन् शिवेपलीकडे सोडला."

"पण शिवेपलीकडे जंगल आहे, मावशी."

"जंगल हाये म्हनूनच त. आधी दुसऱ्या गावाच्या शिवेत सोडत, तं ते लोक काठ्या घेऊन येत. जंगलातून कोन येते भांडाले?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. गावानं विचार करून, सगळ्यात आजारी जनावर निवडून, जिथून तक्रार येणार नाही अशा ठिकाणी सोडलं होतं. आणि खरंच, तक्रार आली नव्हती. तीन प्राणी निमूट मेले होते.

जीपपाशी आल्यावर साहेब म्हणाले, "गावावर केस करतो."

"करा. मग पुढच्या वेळी बोकड माझा आहे म्हणून कोणी सांगेल?"

"कायदा काय फक्त कागदावर ठेवायचा?"

"उरलेले चौसिंगे जगवायचे असतील, तर खालच्या शेळ्यांना लस द्यावी लागेल. केस झाली तर एक शेळी दाखवणार नाहीत, सर. घरात कोंडतील."

सुमनबाई मागेच येऊन उभी होती.

"केस करा ना साहेब. पन आधी त्या जनावराच्या दवाखान्यावर करा."

"काहून?" मी विचारलं.

"हिवाळ्यातच गेलो होतो आमी बाया. म्हटलं, बकऱ्याइले टोचून द्या. डाक्टरनं विचारलं किती? आमच्या साऱ्याइच्या मिळून वीस-बावीस. तं म्हने, बाटली शंभराची असते. एकदा फोडली का लगेच संपवा लागते, उरली तं फेका लागते. शंभर जमवा, मंग या. आता बाकीच्या काय माहेराहून आनू?"

दवाखान्याचं म्हणणं खरं होतं. ही लस पावडरीच्या रूपात येते. पाण्यात मिसळली की काही तासांतच निकामी होते. कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी पैसे खाल्ले नव्हते. लस वाया जाऊ नये, एवढ्यासाठी बाटली बंद राहिली होती. बोकडापेक्षा मला याचा धक्का जास्त बसला. बोकडामागे निदान भीती होती. इथे नुसती काटकसर होती.

मी तिथूनच दवाखान्यात फोन लावला.

"मॅडम, त्या गावात तेवढी संख्या होत नाही," डॉक्टर म्हणाले.

"तीन चौसिंगे मेलेत. आणखी किती मेले की संख्या होते?"

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाले, "वनखात्याची मागणी समजा. उद्या बाटली फोडा. वाया गेली तर जबाब मी देतो." केसचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, तेव्हा बायांनी केसच्या भीतीनं लपवलेल्या शेळ्यासुद्धा बाहेर काढल्या. आजारी वेगळ्या बांधल्या, बाकीच्यांना टोचलं. बोकड वरून उतरवून आणला, पण गाव त्याला घेईना. "देला तो देला," सुमनबाई म्हणाली. तो बरा झाला. आता वनखात्याच्या नाक्यामागे बांधलेला असतो आणि साहेबांची तुळस खातो.

गावात त्यानंतर शेळी मेली नाही. वर मी अजून जाते. पावसाळ्यानंतर चौसिंग्यांच्या लेंड्या टाकायच्या जवळजवळ सगळ्या जागांवर गवत उगवलं होतं. एकाच जागी ताज्या लेंड्या मिळाल्या. तपासल्या. एकच प्राणी, मादी. नर सापडला नाही.

चौसिंगा वाचवायला आपण पाणवठे बांधतो, कॅमेरे टांगतो, रस्त्याला फलक लावतो. सगळं करा. पण आधी खालच्या गावातल्या बावीस शेळ्यांसाठी बाटली फोडा. उरलेली लस ओतून द्या.