घाट चढताना तापलेला ब्रेक

साहेबांबरोबर शेवटचं जेवलो ते चौक्याच्या घाटाच्या माथ्यावर, कडुलिंबाखाली. माझ्या बायकोनं बांधून दिलेली भाकरी अन् ठेचा. साहेबांनी आधी बॉनेट उघडलं, इंजिन थंड होईपर्यंत उभे राहिले, मगच बसले. त्यांची रीतच ती. "ते दमलंय, त्याच्या आधी आपण कसं बसायचं?" म्हणायचे.

कारखान्यात त्यांना कानवाले साहेब म्हणत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे अन् डोळे मिटून आतला आवाज ऐकायचे. बायकापोरं नव्हती. औरंगपुऱ्यात एक खोली, तिथंही भिंतीभर इंजिनाचीच ड्रॉइंगं. आमच्या कंपनीच्या गाडीचं इंजिन त्यांनीच बनवलेलं, सात वर्षं खपून.

त्या साली कंपनीनं दुसऱ्या कंपनीची गाडी विकत आणली. तिचं इंजिन सरस निघालं तर आपलं बंद, असं वरून ठरलेलं. मी कंपनीचा ड्रायव्हर, दोन्ही गाड्या घाटानं मीच चढवायच्या; साहेब माथ्यावर घड्याळ घेऊन उभे. आधी आमची चढवली. मग परक्या गाडीचा हँडब्रेक दोन दात, चाकं जरा अडतील इतका, ओढून ठेवला अन् तशीच वर आणली. ती मागं पडली. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

साहेबांनी वेळ लिहिली. मग वाकून मागच्या चाकाला हात लावला.

"किसनराव, घाट चढताना ब्रेक कशाला तापला?"

मी हँडब्रेककडं बघितलं.

"माझ्यासाठी केलंत?"

"व्हय. तुमचं इंजिन हाय ते."

"मग माझ्यासाठीच पुन्हा चढवा. मोकळी."

चढवली. लई पुढं निघाली. साहेबांनी आधीची वेळ खोडली, नवी लिहिली. माझं नाव कुठं घातलं नाही. मग आम्ही ती भाकरी खाल्ली. "ठेचा झकास आहे, वहिनींना सांगा," एवढंच बोलले.

संध्याकाळी त्यांनी रिपोर्ट दिला, सोबत राजीनामा, अन् एसटीनं निघून गेले. मला न भेटता. माझ्यावर राग होता का, ते आजवर कळलं नाही. बायको म्हणायची, "राग असता तर माझी भाकरी खाल्ली असती का?" आता ती पण गेली. एवढं म्हणणारं घरात कुणी राहिलं नाही.

साहेब राजीनामा देऊन गेल्याचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर कळलं. मी आमची गाडी काढली, एकटाच घाट चढलो. माथ्यावर बॉनेट उघडून स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवला, मूठ कानाला लावली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मग इंजिन बंद केलं, अन् ते थंड होईपर्यंत बसलो नाही.