मावशींचा 'वाय', माझा 'डी'

माझी मुलगी झाली तेव्हा आम्ही वाशीला राहायला येऊन वर्षही झालं नव्हतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नवऱ्याची नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात होती, म्हणून दादरची खोली सोडून आम्ही नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. समोर दलदल, मागे दलदल आणि मधे आमच्या चार इमारती.

बाळंतपण जवळच्याच एका लहान प्रसूतिगृहात झालं. मूल व्यवस्थित झालं, पण नंतर माझं रक्त थांबेना. नवरा खाडीपलीकडे मुंबईला जाऊन एका रक्तपेढीतून दोन बाटल्या घेऊन आला. त्या चढवल्या आणि मी वाचले. त्या काळी बाटलीत कोणाचं रक्त आहे हे कोणी विचारत नसे. मिळालं यातच सगळे खूश असत.

सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. बाळाला आणि मला तेल लावायला त्यांनी एक बाई शोधून काढली. ती जवळच्याच बोनकोडे गावची. नव्या शहरासाठी जमीन सरकारने घेतल्यावर घरात शेती उरली नव्हती, मुलगा कारखान्यात हंगामी कामावर होता, आणि ती स्वतः वाशीतल्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घालायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पन्नाशीची, अंगाने आडवी, हात मात्र फार हलके. बाळ तिच्या पायांवर पडल्या पडल्या झोपायचं.

मुलगी तीन महिन्यांची असताना मला अन्नाचा वास नकोसा झाला, मग ताप आला, मग डोळे पिवळे झाले. सासूबाईंनी उसाचा रस सुरू केला, चुन्याच्या निवळीने हात धुवायला लावले. पण उठून उभं राहायचीही ताकद राहिली नाही तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला, 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' आहे. म्हणजे हिपॅटायटिस बीची कावीळ.

"हा पाण्यातून होत नाही, रक्तातून होतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला रक्त चढवलं होतं, त्यातून आला असावा. पण घरात लहान मूल आहे, तर सगळ्यांचंच रक्त बघून घेऊ. तेल लावणाऱ्या बाईंचंही."

नवऱ्याचं, सासूबाईंचं, बाळाचं रक्त स्वच्छ निघालं. मावशींच्या रक्तात मात्र तेच निघालं, जे माझ्या रक्तात होतं.

मावशींना हे समजावून सांगणं अवघड गेलं. "मना काय झालंय?" त्या म्हणाल्या. "मी त कवा आजारी पन नाय पडली. आन् ऑस्ट्रेलियाचा रोग बोनकोड्यान कसा येल?"

काहीजणांच्या अंगात हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, त्यांना काही जाणवत नाही, तेल लावण्याने तो पसरत नाही, हे सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मावशींनी मान हलवली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा दार अर्धंच उघडलं.

"आता नको येऊ बाई," त्या म्हणाल्या. "पोरीला काही झालं तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

मी आतल्या खोलीत पलंगावर होते. मावशी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

बातमी जिन्यातून खाली उतरली. आमच्या इमारतीतल्या आणखी दोन घरांनी मावशींचं येणं बंद केलं, मग शेजारच्या इमारतीने. लोकांना कारण म्हणून बाटलीतल्या रक्तापेक्षा मावशी पटल्या. रक्त देणारा कोणी पाहिलेला नव्हता, मावशी रोज दिसत होत्या. मला डॉक्टरांचं म्हणणं पटत होतं, तरी पडल्या पडल्या माझ्याही मनात येई, त्यांच्या बोटाला विळीने कापलेलं होतं का कधी? माझ्या अंगावर ओरखडा होता का?

हे मी डॉक्टरीणबाईंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "एक करता येईल. माझा एक वर्गमित्र मुंबईत याच विषाणूवर काम करतो. सगळ्यांच्या अंगातला विषाणू अगदी एकसारखा नसतो. त्याच्या आवरणावर खुणा असतात. 'ए' नावाची खूण सगळ्यांत असते, पण तिच्या जोडीला कोणात 'डी' असते, कोणात 'वाय'. तुमची आणि त्यांची खूण निराळी निघाली, तर त्यांच्याकडून तुम्हाला आला नाही हे सांगता येईल."

"आणि सारखी निघाली तर?"

"तर काहीच सांगता येणार नाही. 'वाय' तर आपल्याकडे पुष्कळांच्यात सापडतो."

माझं रक्त लगेच घेतलं, कारण बरी झाल्यावर त्यात काही सापडलं नसतं. मावशींना विचारायला नवरा बोनकोड्याला गेला. त्या येतील असं मला वाटलं नव्हतं. पण दोन दिवसांनी त्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा पंचविशीचा, कमी बोलणारा. त्याने बाही वर केली आणि म्हणाला, "माजा पन घ्या. आयला हाय त मना बी असल."

त्याच्याही रक्तात ते होतं.

मुंबईहून उत्तर यायला बरेच आठवडे लागले. तोवर माझे डोळे पांढरे झाले होते आणि वरणभात पचायला लागला होता. डॉक्टरीणबाईंनी आम्हा नवराबायकोला बोलावून सांगितलं: माझ्यातला 'डी', मावशींचा आणि त्यांच्या मुलाचा 'वाय'. मावशींकडून मला काहीही आलेलं नाही.

घरी येऊन नवऱ्याने हे सासूबाईंना सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. "मग त्या बाटलीतूनच आलं म्हणायचं," एवढंच त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिला सांगून या. दोघंही जा."

आम्ही मुलीला घेऊन बोनकोड्याला गेलो. डॉक्टरीणबाईही आल्या, कारण मुलाविषयी त्यांना बोलायचं होतं. मावशींनी ओटीवर चटई टाकली, चहा केला. मी सांगितलं, "मावशी, माझी कावीळ वेगळी होती. तुमच्यामुळे नव्हती."

"मी तवाच बोललेली ना," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. "माज्या पोराची कंची?"

"तुमच्यासारखीच."

"म्हंजे मीच दिला त्याला?"

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. "खूण सारखी आहे म्हणून तसं सिद्ध होत नाही, मावशी. पण खोटं सांगणार नाही, बहुतेक जन्माच्या वेळीच गेला असेल. तो मुद्दाम कोणी देत नाही. तुम्हालाही असाच कोणाकडून तरी आला असेल. तुमच्या आईकडूनही असेल."

"आय माजी जलोदरान गेली," मावशी म्हणाल्या. "पोट ह्या एवढा झालता. गावान बोलले, कोनी तरी करनी केली."

"करणी नसेल. हा विषाणू कधी कधी बऱ्याच वर्षांनी यकृत खराब करतो, मग असं पोट फुगतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगा दारातून उठून आत गेला. माझी मुलगी मावशींच्या मांडीकडे सरकत होती, त्यांनी तिला उचललं नाही. मी म्हटलं, "घ्या ना." तेव्हा घेतली.

त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्या मुलाला दोन गोष्टी बजावल्या. दारूला हात लावायचा नाही, आणि लग्न ठरेल तेव्हा आधी त्यांना येऊन भेटायचं. त्याने पहिली निम्मी पाळली. दुसरी पूर्ण पाळली. लग्न ठरलं तेव्हा त्या मुलीच्या बापाला त्याने स्वतःच सगळं सांगितलं आणि ते लग्न मोडलं. पुढे काही वर्षांनी शिरवणे गावची एक मुलगी सगळं ऐकून तयार झाली. तोवर परदेशातून या विषाणूवरची लस येऊ लागली होती. महाग होती, पण त्याने ओव्हरटाइम करून बायकोला तिन्ही इंजेक्शनं दिली.

मावशी आमच्या इमारतीत पुन्हा कामाला आल्या नाहीत. माझ्या दुसऱ्या बाळंतपणात सासूबाई स्वतः रिक्षा करून त्यांच्याकडे गेल्या होत्या. मावशींनी त्यांना जेवायला घातलं, हालहवाल विचारली आणि गुडघे दुखतात असं सांगून नाही म्हणाल्या. तेलात काय काय घालून उकळायचं ते मात्र नीट सांगितलं.

त्यांचा नातू वर्षाचा झाला तेव्हा मुलगा त्याला तपासायला घेऊन आला होता. मी मुलांना घेऊन त्याच दवाखान्यात बसले होते. रक्त काढताना पोर किंचाळलं, बाप मात्र भिंतीकडे बघत उभा राहिला. आठवड्याने तो रस्त्यात भेटला. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "काय नाय निंगाला. ना 'डी', ना 'वाय'. आयला सांगला त ती दुपारभर रडत बसली."