चहाच्या चोथ्यातल्या फुलदाण्या

"भट्टी उघड, इतवारी. मले उद्या माल पाहिजे."

"भैयाजी, दोन दिवस तिले हात नका लावू. आत अजून धग हाय."

"मालक कोण? तू का मी?"

मी मागे माती चाळत होते, सगळं ऐकलं. भैयाजीनं भर दुपारी दाराच्या विटा काढायला लावल्या. वारा आत शिरला आन् लाह्या फुटाव्या तसं टिक टिक सुरू झालं. साठ फुलदाण्यांना केसासारखे तडे.

वरोऱ्याकडच्या त्या चिनी मातीच्या कारखान्यात इतवारी तीस वर्षं फुलं काढायचा. खारीच्या शेपटीचा कुंचला. कोरडं भांडं रंग असा पिऊन घेते, की हात थबकला का डाग पडलाच. वर तो रंग लावताना काळा, मळकट; निळा होतो भट्टीतच. काळं काढायचं आन् मनात निळं पाहायचं. बुडाशी स्वतःचं नाव. नावाचं भांडं खराब निघालं तर स्वतः जाऊन बदलून द्यायचा.

मला वाटलं, साठही फेकतील. कायचं! भैयाजीनं चहाचा चोथा उकळला आन् तड्यांत चोळायला लावला. न घासलेल्या दातांसारखे पिवळे तडे, त्यावर चिठ्ठी, 'शंभर वर्षांपूर्वीची कारागिरी'. लोकांनी मात्र हातोहात नेल्या.

त्या विकायच्या आधी इतवारीनं दगडानं घासून एकोणसाठ नावं काढली. एक फुलदाणी तोवर नावासकट विकली गेली होती. दोन वर्षं तो तिचा पत्ता विचारत होता.

"एकीचं काय घेऊन बसला, भाऊ?" मी म्हटलं.

"माह्यं नाव हाय तिच्यावर, गिरजाबाई."

मागच्या श्रावणात पत्ता लागला, ब्रह्मपुरीच्या सुगंधाबाई. त्यानं नवी घडवली, भट्टी पुरती निवू दिली, फुलदाणी धानाच्या तणसात गुंडाळली. त्याला दिसायचं कमी, म्हणून मी सोबत गेले. पुढच्याच आठवड्यात तो वारला. हे त्याचं शेवटचं काम.

सुगंधाबाई म्हणे, "भाऊ, माह्यीच छान हाय, जुन्या काळची. तुमची तर कोरी दिसते."

हिच्याच डोक्यावर चोथा चोळावा, असं मला वाटलं. इतवारीनं तिची जुनी हातात घेतली.

"बाई, इच्यात फुलं ठेवता का?"

"कागदाची."

"आज पाणी भरून पाहा."

तिनं भरलं. आमचा चहा होईस्तोवर पांढऱ्या टेबलक्लॉथवर पिवळं पाणी पसरलं.

"शी! काऊन असं? न्या बाप्पा हे!"

त्यानं नवी पुसून ठेवली, बुडाचं नाव दाखवलं, जुनी पिशवीत घातली आन् नेहमीसारखं विचारलं, "वरोऱ्याची बस कितीले हाय, बाई?"