जंतूंची स्थळं पाहणारी दीदी

लॅबमधल्या ज्या प्लेटवर एका माणसाचं जगणं-मरणं टांगलेलं होतं, ती मी स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या लाल बादलीत टाकली आणि वर रिपोर्टावर लफ्फेदार सही ठोकली. आता लपवून काय करू? नातवंडं झाली, गुडघे गेले, अब्रू जायची तेवढी जाऊन चुकली.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. नागपूरहून सुवर्णपदक घेऊन रायपूरच्या एका इस्पितळात जंतुशास्त्राची डॉक्टर म्हणून रुजू झालेली. ते पदक मी गळ्यात घालत नव्हते एवढंच, चालत मात्र घातल्यासारखीच होते. कडक इस्त्रीची साडी, उंच टाचांच्या चपला, आणि कोणी शंका काढली की एक भुवई वर. आज ती बाई समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

आमच्या लॅबमधल्या सगळ्यांत जुन्या टेक्निशियनला सारं इस्पितळ दीदी म्हणायचं. वडील रेल्वेत, म्हणून लहानपणी वर्ध्याकडून इकडे आलेल्या. ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून लुनावर यायच्या. चष्मा कपाळावर सरकवायचा, जंतू वाढवलेली प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरायची, ओठ मुडपायचे. पोरीला सांगून आलेलं स्थळ आई न्याहाळते, अगदी तसं.

चौकशीही तशीच. "रंग कोणता, बांधा कसा, खाते काय, अन् घाबरते कोणाले? एवढं समजल्याबिगर नाव नाही लिवायचं."

तुम्हाला सांगते, जंतूंचं वर्गीकरण म्हणजे जवळपास हेच. रंग दिल्यावर जांभळा राहतो की गुलाबी होतो, गोल आहे की दांडीसारखा, कोणती साखर पचवतो, कोणत्या औषधाच्या चकतीपासून लांब पळतो. एवढं शिकायला मी तीन वर्षं घालवली होती.

प्रत्येकाचा स्वभाव दीदींना पाठ. गळवात पू करणारा, द्राक्षाच्या घडासारखा दिसणारा तो "टोळीतला पोट्टा". न्यूमोनिया करणारा क्लेबसिएला म्हणजे "चिकट पाहुणा". आणि लघवीच्या नमुन्यातला प्रोटियस अख्ख्या प्लेटवर पसरला की म्हणायच्या, "आले हे. पाय पसरून बसले."

पावसाळा सरता सरता उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधला एक मिस्त्री भरती झाला. मधुमेही. महिनाभर ताप, यकृतात पू. क्षयाची औषधं देऊन झाली, उतार नाही. त्याचा पू आमच्याकडे आला. दुसऱ्या दिवशी प्लेटवर बारीक ठिपके, सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी दांड्या.

"स्यूडोमोनास," मी म्हटलं. हा जंतू ओल्या जागी कुठेही सापडतो. "नमुना घेताना बाहेरून पडला असणार. महत्त्व देऊ नये, असं लिहिते." आणि प्लेट बादलीत.

"मॅडम, काहून फेकून राहिल्या? याची चौकशी कुठी झाली?"

माझी भुवई वर गेली. दीदींनी हातमोजे घातले, प्लेट बादलीतून काढली, औषधांच्या चकत्या लावायला थोडे जंतू दुसऱ्या प्लेटवर घेतले आणि सगळं उबेच्या कपाटात आपल्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

दोन दिवसांनी त्यांनी दोन्ही प्लेटा माझ्यापुढे मांडल्या. "पहा. जेन्टामायसिनले स्यूडोमोनास घाबरते, हा तर तिले खेटून बसला. अन् ज्या अमॉक्सी-क्लॅव्हले स्यूडोमोनास हिंग लावून विचारत नाही, तिच्यापासून हा दूर पळाला. वास बी तो नाही." जुन्या प्लेटवरचे ठिपके आता सुकलेल्या मोहाच्या फुलासारखे सुरकुतले होते.

माझी भुवई खाली आली. पुस्तक काढलं. परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलेला एक परिच्छेद होता. धानाच्या खाचरातल्या चिखलपाण्यात राहणारा जंतू. कातडीवरच्या ओरखड्यातून आत शिरतो, मधुमेह्याला जास्त गाठतो. रोगाचं नाव मेलिऑइडोसिस. दिसतो क्षयासारखा, पण क्षयाच्या औषधांनी बरा होत नाही. आणि खाली ठळक सूचना: या जंतूची प्लेट हुंगू नये.

आमची दोघींची ती मनसोक्त हुंगून झाली होती.

"घ्या," दीदी म्हणाल्या.

सुटायची वेळ झाली होती. घरी जाऊन दुसऱ्या दिवशी गुपचूप सुधारित रिपोर्ट पाठवता आला असता, आणि खरं सांगते, मी पर्स उचललीही होती. पण मग टाचांच्या चपला वाजवत तीन मजले चढले. लोखंडाच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाला चिखल कुठे भेटला, हे आधी विचारायचं होतं.

"भैया कभी खेत में जाते हैं क्या?" मी त्याच्या बायकोला विचारलं.

"हव मैडम, हर बरस छुट्टी ले के गाँव जाथे। रोपा लगाए बर।" धानाची रोवणी, म्हणजे गुडघाभर चिखल.

फिजिशियन साहेब शेजारच्या खाटेपाशी होते, भोवती सगळा लवाजमा. मी म्हटलं, "सर, माझा रिपोर्ट चुकला आहे." साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आता किती खात्री आहे?"

"दीदींइतकी," मी म्हटलं. औषध त्याच संध्याकाळी बदललं.

ताप पाच दिवस हलला नाही. मी काही ना काही निमित्त काढून रोज वर जायचे आणि तोंड पाडून खाली यायचे. दीदी म्हणायच्या, "चिवट हाय, पण ऐकंल." नवव्या दिवशी सिस्टर जिन्यातूनच सांगत खाली आली: ताप नाही, आणि पेशंट बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, मागून राहिलाय. आम्ही पडताळणीला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या जंतूचंही उत्तर आलं. नाव तेच. पुढे कित्येक महिने गोळ्या घेऊन तो मिस्त्री एक दिवस आपल्या पायांनी लॅबच्या दारात उभा राहिला, चांगला गुबगुबीत. त्यानंतरच्या पावसाळ्यांत असे आणखी तिघे सापडले. तिघेही दीदींनी पहिल्याच प्लेटवर ओळखले, न हुंगता.

दीदी जाऊन आता काही वर्षं झाली. हल्ली एक मशीन थोड्याच वेळात जंतूचं नाव सांगतं. नात विचारते, "नानी, आपने सच में फेंक दी थी?" मी हो म्हणते, ती खूश होते.

ताप उतरला त्या नवव्या दिवशी दीदींनी चहा मागवला होता. मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही मला वर जा असं का नाही म्हणालात? मी पर्स उचलली, तरी गप्प बसलात."

दीदी म्हणाल्या, "डॉक्टर लोकाईचे मी दोनच प्रकार करते, मॅडम. चुकल्यावर घरी जाणारे अन् चुकल्यावर वार्डात जाणारे. ते सांगून नाही समजत, पहा लागते. घ्या, चहा थंडा होऊन राहिला."